एक सूत जागा

धागा कुठेही तुटला नव्हता, तरी यंत्र सातव्यांदा थांबलं. देवरावांनी मान खाली घातली.

पाचपावलीत त्यांच्या घरी असंच यंत्र दीड वर्ष बिनतक्रार चालत होतं. हातमागावर आडवा धागा भरायचा, तर तो आधी एका बोटभर नळीवर गुंडाळावा लागतो. भरलेल्या नळीला कांडी म्हणतात. ती धोट्यात बसते आणि धोटा मागावर इकडून तिकडे धावतो. देवरावांची माय पार्वतीबाई नवव्या वर्षापासून चरख्यावर कांड्या भरत आल्या होत्या, एका वेळी एकच. देवराव गिरणीत फिटर. त्यांनी सायकलच्या भंगारातून पायाने चालणारं यंत्र जुळवलं, चार कांड्या एकदम भरणारं. प्रत्येक धाग्यावर तारेचं एक हलकं बोट टेकलेलं असे. धागा तुटला की बोट खालच्या खटक्यावर पडे आणि चाक आपोआप थांबे.

जिल्हा उद्योग केंद्र तेव्हा नुकतंच निघालं होतं. तिथले अधिकारी वसंतराव यांनी हे यंत्र पाहिलं आणि तिघांची मोट बांधली. इंजिनीअरिंग कॉलेजने नकाशा काढून नमुना करायचा, हिंगण्याच्या मधुकररावांनी आपल्या कारखान्यात पहिली पन्नास यंत्रं बनवायची, आणि नमुना तपासणीत उतरला तर सरकारने देवरावांना औद्योगिक वसाहतीत गाळा द्यायचा. गिरणीत माणसं कमी करणं सुरू झालं होतं. गाळा मिळाला तर देवराव आपल्या धंद्याचे मालक होणार होते. आणि गाळ्यांची यादी आज संध्याकाळी बंद होणार होती.

"घरचंच यंत्र आणलं असतं तं?" देवरावांनी सकाळी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आल्या आल्या विचारलं होतं.

"तुमच्या हातचं चालतं, हे आम्हाला ठाऊक आहे," वसंतराव म्हणाले होते. "कागद पाहून दुसऱ्याने केलेलं चाललं पाहिजे. नाहीतर पन्नास कोण करणार?"

आता तेच वसंतराव नापासाचा शेरा लिहायला पेनाचं टोपण काढत होते.

"कल्पना मस्त हाय," मधुकरराव घड्याळाकडे पाहत म्हणाले, "पण दर मिनिटाले थांबलं, तर विणकर हे यंत्र माह्या डोक्यात घालतील ना!"

"लाजरं हाय ते," पार्वतीबाई म्हणाल्या. "पाव्हणे पाहून बसून राहिलं."

देवरावांना हसू आलं नाही. नकाशा काढणारे प्राध्यापक मुकुंद तीन दिवस त्यांच्या घरी सतरंजीवर बसून एकेक माप उतरवून गेले होते. असा माणूस चुकेल कसा? चूक आपल्याच डोक्यात असणार. आणि असली त्यांची, तरी चारचौघांत ती दाखवायला जीभ रेटेना.

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा," वसंतराव हळू आवाजात म्हणाले.

"काहून गा देवराव, तोंडात गोटे भरले काय तुह्या?" पार्वतीबाई कडाडल्या. "ते बोट पाह्य ना! आपल्या घरी झुलते. इथं खटक्यावर बसूनच हाय."

देवराव वाकले. बोट आणि खटका यांच्यामधून कागदसुद्धा गेला नसता. धागा जरा थरथरला की बोट खटक्याला लागत होतं.

"सर, इथं जागा किती ठेवली?"

"तुम्ही सांगितलीत तेवढीच." मुकुंदांनी वही उघडून दाखवली. "हे पाहा, एक सूत. मी चाळीस नंबरचं सूत आणून त्याची जाडी मोजली. चांगली तीनदा मोजली. तोच आकडा मिलिमीटरमध्ये नकाशावर घातला."

देवरावांनी वही जवळ ओढून तो आकडा वाचला.

"सर, फिटरचं सूत येगळं असते," ते म्हणाले. "एका इंचाचे आठ भाग केले, तं त्यातल्या एका भागाले आमी सूत म्हणतो."

मुकुंदांचे कान लाल झाले. "धाग्याचं यंत्र, म्हणून मला वाटलं..."

"बाप्पा!" पार्वतीबाई म्हणाल्या. "लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. तुमी तं आमचा गाळाच घालवत होते मास्तर!"

मधुकरराव इतके हसले की त्यांना टेबल धरावं लागलं. वसंतरावांनी मात्र पेन बंद केलं नाही. "आजच दुसरी तपासणी घ्यायची, तर पहिली का फसली ते मला लेखी लागेल. आणि चूक यंत्राच्या कल्पनेत नव्हती, असं त्यात स्पष्ट हवं."

"माही बी चूक हाय, सर," देवराव घाईने म्हणाले. "म्या फोड करून सांगतलं नाही."

"विचारणं माझं काम होतं." मुकुंदांनी कागद ओढला. "शब्द कळला नाही तर विचारा, असं मी वर्गात रोज सांगतो. पण कळला असं वाटलं तरी विचारावं, हे आज शिकलो." मापाचा अर्थ मी चुकीचा घेतला, असं त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.

देवरावांनी कानस घेतली आणि चारही खटके घासून खाली नेले. पार्वतीबाईंनी पायटा दाबला. चार कांड्या गरगरू लागल्या. बोटं झुलत राहिली, एकही खटक्याला लागलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पार्वतीबाईंनी एक धागा मुद्दाम तोडला. चाक जागच्या जागी थांबलं. त्यांनी गाठ मारली, यंत्र पुन्हा सुरू झालं, तसा मधुकररावांनी पुढे होऊन दुसरा तोडला. मग हौसेने तिसराही. दर वेळी चाक थांबलं आणि गाठ मारताच पुन्हा फिरू लागलं.

वसंतरावांनी यादीत देवरावांचं नाव लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे धरला. देवरावांनी ते दोनदा वाचलं. यंत्र चालूच होतं आणि सगळे त्याच्याकडे पाहत उभे होते.

शेवटी पार्वतीबाईंनीच पाय काढला. "अरे, कांडी फुगली! आता धोट्यात कशी जाईन? धागा तुटला तं याले समजते, मंग पोट भरलं ते काहून समजत नाही?"

मुकुंदांनी वहीचं कोरं पान काढलं. "किती जाड झाली की थांबायला हवं, देवराव?"

"सहा सू..." देवरावांनी मधेच जीभ चावली.

"पट्टी द्या, सर," ते म्हणाले. "मिलिमीटरमधीच सांगतो."