बर्फाबाहेरची चाळीस मिनिटं

माझा स्वभाव फटकळ आहे, हे मलाच कुणी सांगायला नको. सव्वीस वर्षं मी प्रयोगशाळेत रक्त तपासते, आणि त्यातली निम्मी तरी लोकांवर ओरडण्यात गेली असतील. सगळ्यात जास्त ओरडते ती होमोसिस्टीनच्या नळीवरून. हा रक्तातला एक पदार्थ. शरीर तो बनवत असतं आणि जीवनसत्त्वांच्या मदतीने मार्गी लावत असतं. मार्गी लागला नाही की साचतो, आणि साचला की रक्तवाहिन्यांच्या मुळावर उठतो. पण नळीत काढलेलं रक्तही स्वस्थ बसत नाही. त्यातल्या पेशी हा पदार्थ बाहेर टाकतच राहतात. म्हणून नळी लगेच बर्फात ठेवायची, नाहीतर आकडा खोटाच वाढतो. एवढंसं काम, पण दर आठवड्याला कुणीतरी ते विसरतं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. म्हणून मी बर्फवाली.

हे नाव माझ्या धाकट्या भावाने ठेवलं. त्याला घरात सगळे रंग्या म्हणतात, कारण तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, ब्रशने, एका दमात. माझ्या टेबलासमोरची पाटीही त्याचीच: ‘नळी आधी बर्फात, गप्पा नंतर.’ लाल अक्षरं आणि प्रत्येकाला बारीक करडी सावली. "आता तुला ओरडायला नको, ही पाटीच ओरडेल," म्हणाला होता.

दोन वर्षांपूर्वी तो डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला. आमचे वडील सेहेचाळिसाव्या वर्षी बुटाची नाडी बांधता बांधता गेले होते, मेंदूत गुठळी होऊन. रंग्या तेव्हा चव्वेचाळीसचा होता, म्हणून डॉक्टरांना हे रक्त तपासून हवं होतं. ते मीच काढलं. तो हातावर कापूस दाबून बसला आणि गोष्ट सांगायला लागला. एका दुकानदाराने म्हणे पाटीवर स्वतःचा फोटो हुबेहूब काढून मागितला, आणि काढून झाल्यावर म्हणाला, हुबेहूब आहे, पण जरा देखणा करा. मी हसून हसून डोळे पुसले. मग आईच्या गुडघ्यांचा विषय निघाला, मग त्याच्या लेकीच्या परीक्षेचा. तो गेल्यावर माझं लक्ष गेलं. नळी टेबलावरच पडली होती, बरोबर त्या पाटीच्या खाली. चाळीस मिनिटं झाली होती.

तरी मी ती तपासली. आकडा आला सेहेचाळीस. पंधराच्या आत हवा असतो.

बाजूच्या टेबलावर नवी मुलगी बसली होती. याच चुकीसाठी मी तिला त्याच आठवड्यात रडवलं होतं. तिच्यादेखत मी काय म्हणणार? मी गुपचूप ‘नमुना अयोग्य’ अशी नोंद केली आणि बाहेर जाऊन भावाला फोन लावला. "नळी खराब झाली रे. सवड मिळाली की पुन्हा ये, घाई काही नाही." कशी खराब झाली ते त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

खरं तर मला हिशेब येत होता. चाळीस मिनिटांत बाराचे फार तर तेरा होतात, सेहेचाळीस होत नाहीत. प्रशिक्षणाला आलेल्यांना हे मीच शिकवते. पण तो हिशेब मी त्या दिवशी मांडलाच नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

तो आला नाही. मीही आठवण केली नाही, कारण केली असती तर त्या नळीचा विषय निघाला असता. सात महिन्यांनी सकाळी चहा पिताना त्याच्या हातातून कप सुटला. उजवी बाजू गेली. दवाखान्यात, बर्फात ठेवलेल्या नळीत, आकडा आला चव्वेचाळीस.

मग जनुकांची तपासणी झाली. हा पदार्थ मार्गी लावणाऱ्या एका जनुकाची बदललेली प्रत त्याला आईकडूनही आली होती आणि वडिलांकडूनही. माझ्या वाट्याला एकच आली. डॉक्टर म्हणाले, असं पुष्कळांत असतं आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही. पण याचं जेवणखाण कामाच्या नादात चहा-बिस्किटांवर, त्यामुळे आकडा चढत गेला. उपाय म्हणजे रोजची जीवनसत्त्वाची एक साधी गोळी. ती त्याला आता मिळते.

दर तीन महिन्यांनी मी बर्फाचा डबा घेऊन त्याच्या घरी जाते. परवाही गेले. तो खिडकीशी बसून डाव्या हाताने वहीत अक्षरं गिरवत होता. वाकडीतिकडी, पहिलीतल्या पोरासारखी. मी रक्त काढलं, कापूस लावला, आणि मला राहवेना.

"रंग्या, ती नळी खराब झाली नव्हती," मी म्हटलं. "मी ती बर्फात ठेवायला विसरले होते. आकडा सेहेचाळीस होता, आणि तो खराच होता. माझी चूक दिसू नये म्हणून मी दाबला."

त्याने वही मिटली. आता शब्द जुळवायला त्याला वेळ लागतो.

"गोळी... तेव्हाच मिळाली असती?"

"हो."

"मग हे टळलं असतं?"

"डॉक्टरांना विचारलं मी. ते म्हणाले, सांगता येत नाही."

त्याने मान हलवली. मला वाटलं, आता तरी हा चिडेल, दोन शिव्या घालेल. मला त्या हव्या होत्या.

"त्या दिवशी तू फोनवर... किती गोड बोललीस," तो म्हणाला. "मी पुन्हा येणार होतो, ताई. पण बायकोला म्हटलं, काही नसणार. काही असतं तर ताई ओरडली असती."

सव्वीस वर्षं मी परक्या माणसांवर ओरडत आले, आणि ज्याच्यासाठी ओरडायला हवं होतं त्याच्याशी गोड बोलले. मी तिथेच बसून रडले.

त्याने डाव्या हाताने माझं मनगट हलवलं.

"ताई, नळी," तो म्हणाला.

ती अजून माझ्या मुठीतच होती.