फरशीखालचे पाणी

त्रिवेणीने कॅसेटी पलंगावर मांडल्या आणि पुन्हा एकदा मोजल्या. अकरा. त्यांत गल्लीतल्या सतरा घरांपैकी चौदा घरे होती, सव्वीस माणसे होती, एक कोरडा सार्वजनिक नळ होता आणि काचीगुडा स्टेशनात शिरणारी गाडी दोनदा होती. एकूण नऊ तास बारा मिनिटे. त्यातून चौतीस मिनिटांची फिल्म निघाली होती. वहीत प्रत्येक प्रसंगासमोर तिने सेकंद लिहून ठेवले होते.

"मोजून वाढणारेत का त्या?" गौतम दारातून म्हणाला. लग्नांचे व्हिडिओ काढणे हा त्याचा धंदा, कॅमेरा त्याचाच. "चल. महापालिकेचे साहेब चारला येतायत. केशवराव दोनपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत, पाठ टेकवत नाहीत."

मुख्य रस्ता ऐंशी फुटी करायचे ठरले होते. नाक्यावर गेल्या वर्षी परदेशी मोटारींचे काचेचे दुकान उघडले होते, आणि त्याच्यासमोरच गल्लीचे तोंड बाटलीच्या गळ्यासारखे दिसे. नकाशावरच्या तांबड्या रेघेत सहा घरे आली होती. निवृत्त मास्तर केशवराव सगळ्यांना एकच सांगत: कागद आहेत तोवर हरकत घेता येते. पण अर्ज वाचतो कोण, दाखवूच या, असे बँकेतली रंजना म्हणाली आणि चौघे कामाला लागले. रंजना प्रश्न विचारी, गौतम टिपे, केशवराव निवेदन लिहीत. मोजमाप त्रिवेणीकडे, कारण ती एमेस्सी होती. पहिल्याच दिवशी एक नियम ठरला होता. कोणाचे बोलणे कापायचे असेल, तर ते ज्याचे त्यानेच सांगायचे.

कापायचा विचार फक्त कुसुमताईंच्या मनात आला होता.

कुसुमताई पहिल्या घरात राहत. नवरा गेल्यापासून पुढच्या खोलीत खानावळ चालवत. रोज बारा पाने उठत. चित्रीकरणाच्या दिवशी त्यांनी चटई सरकवून शहाबादी फरशीवर टाच आपटली होती.

"इथं कान लावा. खाली मोरी आहे, अख्ख्या गल्लीचं पाणी नेणारी. आमच्या ह्यांनी एकोणसत्तर साली झाकली न् वर खोली काढली. आधी नुसती ओसरी होती. पाऊस झाला की बोलती ती माझ्याशी."

गौतमने माइक फरशीवर आडवा ठेवला. खालून पाणी वाहत होते, हलकेच कोणी घसा साफ करावा तसे. त्रिवेणीने मोजायचा टेप धरून कॅमेऱ्यासाठी मोठ्याने सांगितले होते, "ओसरीची कड इथे. इथून दारापर्यंत सहा फूट साडेचार इंच." अठ्ठेचाळीस सेकंद.

गल्लीने फिल्म पहिल्यांदा पाहिली त्या संध्याकाळी कुसुमताई कणकेच्या हातांनीच तिच्यामागे आल्या.

"ते मोरीचं ठेवायचं का गं? बरं दिसत नाही. लोक म्हणतील, मोरीवर स्वयंपाक करती ही."

"ठेवा ना कुसुमताई. अख्ख्या फिल्ममध्ये सगळ्यात खरं तेच आहे."

"तू म्हणतीस तर राहू दे."

साहेब चारला पाच मिनिटे असतानाच आले. मंडळाच्या हॉलमध्ये त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली. ते तुसडे नव्हते. नळासमोर भांडणाऱ्या दोन जावा पाहून ते खळखळून हसले. स्टेशनची गाडी आली तेव्हा पुढे वाकले. तेविसाव्या मिनिटाला पाणी वाजू लागले, आणि हॉलमधली पोरेसुद्धा गप्प झाली. त्रिवेणीने रंजनाचा हात दाबला.

फिल्म संपल्यावर साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"बहोत अच्छा बनाए मियाँ," ते गौतमला म्हणाले. "वो पानी वाला हिस्सा फिर से दिखाओ जरा."

गौतमने खुशीत कॅसेट मागे नेली. साहेबांनी या वेळी खिशातून पेन काढले होते. फरशी आली, टाच आली, पाणी आले. टेप आला.

"रोको. नाप कौन बोल रहे ये?"

"हमारी त्रिवेणी," गौतम म्हणाला. "एमेस्सी फिजिक्स, साहब. इंच का भी आधा नहीं छोडती."

"कितना बोले अम्मा?" साहेब त्रिवेणीकडे वळले. "मेरे को मराठी नहीं समझती."

पेन कागदावर टेकलेले होते. त्रिवेणीने पेनाकडे पाहिले, मग केशवरावांकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. दुसऱ्या रांगेत कुसुमताई पदर सावरून ताठ बसल्या होत्या. त्यांचा भाग दुसऱ्यांदा लावला होता. तसा मान आणखी कोणाला मिळाला नव्हता.

"याद नहीं," त्रिवेणी म्हणाली.

"नाप के भी याद नहीं?"

"नहीं, साहब."

"असं काय गं," कुसुमताई मागून म्हणाल्या. "सहा फूट साडेचार इंच नव्हतं का? वहीत लिवलंस की माझ्यासमोर." आणि साहेबांना समजावे म्हणून त्या उठून उभ्या राहिल्या. "छे फूट, साहब. छे फूट साडेचार इंच."

साहेबांनी लिहून घेतले. टोपण लावले.

"मोरी तो सरकारी है ना अम्मा," ते सौम्यपणे म्हणाले. "उस पे सुनवाई नहीं होती."

कुसुमताईंना ते लगेच कळले नाही. त्यांनी साहेबांसाठी चहा सांगितला.

बाकीच्या पाच घरांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. फिल्मचा उपयोग झाला, असे केशवराव एकदाच म्हणाले, आणि नंतर तो विषय त्यांनी काढला नाही.

महिन्याभराने दोन माणसे आली आणि पहिल्या घरात फरशीवर खडूची रेघ ओढून गेली. त्रिवेणी वळसा घालून मागच्या बोळाने घरी जायची. चौथ्या दिवशी कुसुमताईंनी तिला बोळातच गाठले.

"लपतीस कायकू? ये आत. आणि तुझा तो टेप आण."

खोलीत बारा पाट भिंतीला उभे केलेले होते. शेगडी रेघेच्या पलीकडे होती, दाराच्या बाजूला.

"कुसुमताई, मी..."

"ते नक्को आता." त्यांनी चटई गुंडाळून बगलेत धरली. "त्यांनी जाणारं मोजलं. उरतं किती ते तू सांग. ते लोक टेप ढिला धरतात."

त्रिवेणी गुडघ्यांवर बसली. फरशीखाली पाणी चालले होते. टेपाचे एक टोक तिने मागच्या भिंतीला लावले, ते कुसुमताईंनी अंगठ्याने दाबून धरले. दुसरे तिने रेघेपर्यंत ओढले. वाचले. टेप गुंडाळून पुन्हा लावला आणि पुन्हा वाचले.

तीन फूट एक इंच.