एकतीस ऑक्टोबरचं ऑईल

आमच्या गॅरेजवस्तीत, म्हणजे नुसत्या गॅरेजांच्या वसाहतीत, दोन पंथ आहेत. जर्मनीतल्या आमच्या थुरिंगियात आता चर्चला कुणी फारसं जात नाही, त्यामुळे धर्मावरून भांडणं उरलेली नाहीत. पण मोटरसायकल हिवाळ्यासाठी झाकून ठेवण्याआधी ऑईल बदलायचं की वसंतात बाहेर काढल्यावर, यावरून माणसांनी एकमेकांच्या लग्नाला जाणं सोडलेलं आहे.

वसंतपंथाचे धर्मगुरू म्हणजे वस्तीचे अध्यक्ष, हेर म्हणजे श्रीयुत ओएलश्लेगेल. आडनावाचा अर्थच तेली, त्यामुळे ऑईलच्या बाबतीत आपला शब्द शेवटचा अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. नवं ऑईल पाच महिने नुसतं पडून राहिलं तर शिळं होतं, असं ते म्हणतात. "पाव आज आणायचा आणि एप्रिलमध्ये खायचा, असं करतं का कुणी?"

माझी बायको सिग्रून गेल्या वर्षी या पावाला भुलली. तिची लाल मोटरसायकल जुन्या ऑईलवरच हिवाळाभर झोपली आणि वसंतात उठली ती डब्यात चमचे हलवल्यासारखा आवाज करत. मेकॅनिकनं इंजिन उघडून बेअरिंग तिच्या हातात ठेवलं. उन्हाळाभरची काजळी, ओल आणि आम्ल त्या जुन्या ऑईलमध्ये होतं, आणि थंडीभर ते निवांतपणे धातू कुरतडत बसलं होतं.

"पाव कसला," सिग्रून घरी येऊन म्हणाली, "मी इंजिनाचं लोणचं घातलं होतं."

दुरुस्तीत अर्धा उन्हाळा गेला. इथवर ठीक होतं. पण वस्तीचा नियम असा की गॅरेजमध्ये चालू स्थितीतलं वाहन हवं, नसेल तर गॅरेजची वाट बघणाऱ्यांच्या रांगेतल्या पुढच्या माणसाला ते द्यायचं. रांगेतला पुढचा माणूस म्हणजे रोनी, अध्यक्षांचा जावई. त्यानं नुकतीच एक राहण्याची गाडी घेतली होती, मोटारीमागे ओढायची, आणि ती सासऱ्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभी होती. अध्यक्षांनी सिग्रूनला बजावलं: पुढच्या एप्रिलमध्ये सगळे आपापली इंजिनं सुरू करतात, त्या दिवशी तुझं सुरू झालं नाही तर गॅरेज रोनीचं.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅरेज गेलं की मोटरसायकल गेली. आणि मोटरसायकल गेली की सिग्रून दर रविवारी घरी असणार. मी या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहू लागलो.

यंदा ऑईल शरदातच बदलायचं हे ठरलं. पण कधी? ऑईल गरम असतानाच काढावं लागतं, नाहीतर घाण तळाशी बसून राहते. गरम करायला गाडी रस्त्यावर फिरवावी लागते, कारण उभ्या गाडीचं इंजिन तापवत बसायला कायद्यानं बंदी. आधी बदलून मग फिरलं तर नवं ऑईलही नासतं, म्हणजे मोसमातली शेवटची फेरी मारायची आणि लगेच बदलायचं. आता शेवटची फेरी कोणती, तर आमच्या नंबरप्लेटच्या कडेला ०४ आणि १० असे दोन आकडे ठोकलेले असतात, म्हणजे परवानगी फक्त एप्रिल ते ऑक्टोबर. ऑक्टोबर संपला की ती मोटरसायकल रस्त्याच्या लेखी कपाटासारखी.

सिग्रून कोरड्या दिवसाची वाट पाहत राहिली. ती दातांच्या प्रयोगशाळेत काम करते, दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवते, आणि संध्याकाळी खिडकीतून पाऊस बघते. ऑक्टोबर गळतच राहिला. ऊन पडलं ते थेट एकतीस तारखेला.

एकतीस ऑक्टोबर ही आमच्याकडे धर्मसुधारणेची सुट्टी; पाचशे वर्षांपूर्वी एका भिक्षूनं चर्चवरचे आक्षेप लिहून चर्चच्याच दारावर ठोकले, तो दिवस. वस्तीत सुट्टीला आवाजाचं काम बंद. शिवाय अध्यक्षांच्या दुपारच्या झोपेखातर असंही ठरलेलं की सुट्टीच्या दिवशी प्रत्येक वाहनानं एकदाच बाहेर जायचं आणि एकदाच आत यायचं.

"बाहेर जाईन, गरम करून आणीन, काढीन, भरीन," सिग्रून म्हणाली. "पण भरल्यावर नवं ऑईल इंजिनभर फिरायला हवं. बेअरिंगपर्यंत पोचलं नाही तर सगळं फुकट. पुन्हा बाहेर नेता येत नाही, उभ्या जागी चालवता येत नाही. सुरू कसं करू?"

"देवाचा दिवस आहे," मी म्हणालो. "काहीतरी होईल." तिनं माझ्याकडे तुटलेल्या दाताकडे बघावं तसं बघितलं.

ती डोंगरापलीकडे जाऊन परत आली तेव्हा ओएलश्लेगेल घडीच्या खुर्चीवर कॉफीचा थर्मास घेऊन बसले होते. रोनी टेप घेऊन आमच्या गॅरेजच्या दाराची उंची मोजत होता.

"नुसतं बघतोय," तो म्हणाला.

"बघ की," सिग्रून म्हणाली. "पण पाय उचल, ट्रे ठेवायचाय."

तिनं नट सोडला. काळं, वाफाळतं ऑईल ट्रेमध्ये पडू लागलं.

"सिग्रून, आज सुट्टी आहे," अध्यक्ष म्हणाले.

"म्हणून तर वेळ मिळाला."

"सुट्टीला काम बंद."

"आवाजाचं काम बंद. नियम तूच लिहिलास ना? ऑईल गळतं, गात नाही."

शेजारच्या गॅरेजमधून म्हाताऱ्या फ्राऊ ट्रोमर, म्हणजे ट्रोमरबाई, बाहेर आल्या. त्यांच्या गॅरेजमध्ये एक मोटार आहे, आणि मोटारीत मुरंब्याच्या बरण्या. "ज्याच्या नावानं ही सुट्टी आहे," त्या म्हणाल्या, "त्यानं आजच्याच दिवशी चर्चच्या दारावर हातोडा चालवला होता म्हणतात. त्याला कुणी नाही अडवलं."

ओएलश्लेगेल उठले. आमच्यात मोटरसायकलवाले एकमेकांना अरेतुरे करतात. अध्यक्ष 'तू' वरून 'तुम्ही' वर गेले की समजावं, आता नियम येतोय.

"फ्राऊ श्ट्रोबेल," ते सिग्रूनला म्हणाले, "या क्षणी तुमच्या इंजिनात ऑईल आहे का?"

"नाही. ते तुमच्या पायाशी आहे."

"ऑईलशिवाय हे वाहन चालू शकतं का?"

"नाही."

"म्हणजे या गॅरेजमध्ये आत्ता चालू स्थितीतलं वाहन नाही. मग एप्रिलपर्यंत थांबायचं कारण काय?"

रोनीचा टेप खट्‌कन आत गेला. युक्तिवादात एकही फट नव्हती, आणि आमच्या लोकांना बिनफटीचा युक्तिवाद दिसला की ते त्याच्यापुढे आदबीनं उभे राहतात, मग तो कितीही मूर्ख असो. आजूबाजूच्या गॅरेजांतून दोन-चार डोकी बाहेर आली आणि होकारार्थी हलली.

सिग्रूननं नव्या तांब्याच्या वायसरसकट नट बसवला. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑईल लावून तो हातानंच आवळला. मग डबा तिरका करून मधाच्या रंगाचं ऑईल सावकाश ओतलं, आणि टोपण लावलं.

"आता आहे," ती म्हणाली.

"ऑईल आहे. वाहन चालतं याला पुरावा काय?"

"कसला पुरावा देऊ?"

"सुरू करून दाखवा."

सिग्रूननं फडक्याला हात पुसले, एकेक बोट वेगळं.

"इथे उभ्या जागी? सुट्टीच्या दिवशी? आवाज होईल, अध्यक्षसाहेब."

ओएलश्लेगेलांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. आपण कुठे येऊन पोचलो ते बहुधा त्यांना दिसलं. पण सगळे बघत होते, आणि थुरिंगियातला अध्यक्ष मागे फिरत नाही.

"तपासणी म्हणजे काम नव्हे," ते म्हणाले. "हा माझा आदेश आहे."

"किती वेळ चालवू?"

"माझी खात्री पटेपर्यंत."

तिनं बटण दाबलं. इंजिन लागलं आणि एका लयीत चालू लागलं. सिग्रून तिथेच उकिडवी बसली, इंजिनावर हाताचा पंजा टेकवून, मांजर कुरवाळावं तशी. अध्यक्ष कानामागे हात धरून आधी डावीकडून ऐकायला गेले, मग उजवीकडून.

"पटली खात्री?" मी विचारलं.

"अजून नाही."

"राहू दे," सिग्रून म्हणाली. "घाई नाही."

फ्राऊ ट्रोमर हसता हसता अध्यक्षांच्याच खुर्चीवर बसल्या. अध्यक्ष खोट ऐकू येईल या आशेनं थांबले, आणि ते जितके थांबले तितकं नवं ऑईल इंजिनाच्या एकेका कोपऱ्यात जाऊन बसलं. शेवटी त्यांनी हात वर केला.

"चालतंय."

"म्हणजे चालू स्थितीत?"

"म्हटलं ना."

"मी बहिरी आहे," फ्राऊ ट्रोमर म्हणाल्या, "तरी मला ऐकू आलं."

सिग्रूननं इंजिन बंद केलं, ऑईल खाली उतरू दिलं, पातळी बघितली, घोटभर आणखी ओतलं. मग बॅटरी काढून माझ्या हातात दिली. ती बॅटरी हिवाळाभर आमच्या बेडरूममध्ये होती.

हिवाळा लांबला. एप्रिलमध्ये सगळे गॅरेजांसमोर रांगेत उभे राहिले, रोनीसुद्धा, पण टेपशिवाय. इंजिनं खोकत होती, कण्हत होती. अध्यक्षांच्या इंजिनानं तर बऱ्याच विनवण्या करून घेतल्या. सिग्रूनची पाळी आली. तिनं बटण दाबलं, आणि बोट उचलायच्या आत लाल मोटरसायकल बोलू लागली. चमच्यांचा आवाज नाही, धूर नाही.

ओएलश्लेगेल पुढे आले. वाकून ऐकलं. "तक्रारीला जागा नाही," ते म्हणाले. आमच्या भागात याहून मोठी स्तुती फक्त मेलेल्या माणसाची होते.

सिग्रूननं हेल्मेट चढवलं, गिअर टाकला आणि फाटकातून बाहेर पडली. आम्ही सगळे नकळत फाटकापर्यंत चालत गेलो. ती वळणाआड गेली. रोनी काहीतरी बोलायला लागला, तसा अध्यक्षांनी हात वर करून त्याला गप्प केलं. डोंगराच्या चढावर तिनं गिअर बदलला तो आवाज त्यांना अजून ऐकायचा होता.