रडारवरची रेघ

हवामान केंद्राच्या रडारवर महिनाभर एक रेघ येत होती. पडद्याच्या मधोमध सुरू व्हायची ती थेट खाडीपलीकडच्या गावावरून पार समुद्रात जायची. तिच्याआड पाऊस आहे की नाही, काही म्हणून कळायचं नाही. सकाळी हजर, संध्याकाळी गायब. "सरकारी नोकरीत लागलीय बहुतेक," असं मोठे साहेब म्हणायचे.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. हल्ली जो तो छपरावर इंटरनेटचा डबा बसवतो. हवेत लहरींची ही गर्दी, त्यात एखादा शहाणा आपला डबा नेमका रडारच्याच लहरीवर लावून मोकळा होतो. दूरच्या पावसाचा बारीक प्रतिध्वनी रडारने ऐकायचा, आणि हा त्याच्या कानाशी ओरडणार!

आज मात्र वादळ किनाऱ्याकडे सरकत होतं आणि त्या गावच्या होड्या समुद्रात होत्या. तो डबा शोधायला गेलेल्या तंत्रज्ञाने अखेर त्या छपराचा फोटो पाठवला. निळी टाकी, दोरीवर एकच पंचा. रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या बाईने ते पाहताक्षणी ओळखलं. ते तिच्या वडिलांचं घर होतं.

तिने लगेच फोन लावला. "बाबा, छपरावर काय बसवलंय?"

"अगं, व्हिडिओवर बोलताना तुझा चेहरा सारखा अडकायचा ना! दुकानदार म्हणाला, बाकी चॅनेलवर मुंगीला शिरायला जागा नाही, एकच मोकळा आहे. म्हटलं, लाव. आता बघ कशी झकास दिसशील."

"पण दिवसभर चालू का ठेवता?"

"तुझा फोन कधी येईल, काय सांगावं?"

महिनाभर तिने त्या रेघेला शिव्या घातल्या होत्या, आणि कामाच्या रगाड्यात वडिलांना फोन करायचा राहूनच गेला होता. सगळं टाकून खाडीपलीकडे जावं, त्यांच्याशेजारी नुसतं बसावं, असं तिला फार वाटलं.

"बाबा, तो डबा आत्ताच्या आत्ता बंद करा. त्याच्यामुळे वादळ दिसत नाही."

"अरे बापरे, माझ्यामुळे?" ते धडपडत उठल्याचं तिला ऐकू आलं.

रेघ गेली. तिच्याआड जोरदार पावसाचा लालभडक पट्टा होता, गावाच्या अगदी जवळ आलेला. साहेबांनी होड्यांना परत फिरायचा इशारा दिला.

"दिसतंय का गं आता?" वडिलांनी विचारलं.

"सगळं दिसतंय, बाबा. दारं लावून आत बसा."

"बरं." दार लागल्याचा आवाज आला, मग ते म्हणाले, "आणि मला तू कशी दिसणार?"