चौथ्या दिवसाचा पाहुणा

इज्जाकडे दोनच कोंबड्या उरल्या होत्या आणि खालच्या वळणावर पुन्हा एक पांढरी गाडी दिसत होती. तिनं गाडीकडे पाहिलं, मग कोंबड्यांकडे पाहिलं, आणि "या बयांनो," म्हणत दोघींना वेताच्या टोपलीखाली झाकलं. झाकून उपयोग नव्हता. तिचा धाकटा भाऊ बिही भिंतीवरून उतरून हात धुवायलाही लागला होता.

"ताई, पाहुणा येतोय."

"दिसतंय मला. तू वर जा आणि बोरूच्या चटया पसर."

"असं कसं? पाहुणा दारात आणि आम्ही छपरावर? लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक? सगळं गाव तर माझ्या भिंतीवर चढलंय."

पण बिही उतरला म्हटल्यावर सगळेच उतरले. भूकंपाला वर्ष उलटून गेलं होतं. भूकंपानं जे खाल्लं नाही ते मदतीला आलेल्यांनी खाल्लं, असं इज्जा चारचौघांत बोलायची आणि लोक तिला गप्प करायचे. बिहीच्या टोळीनं त्या रात्री उघड्या हातांनी माणसं उकरून काढली होती, नंतर रस्ते मोकळे केले होते, आणि आता ती एकेक घर उभं करत होती. आज सगळे तुझ्या भिंतीवर, उद्या सगळे माझ्या. या टोळीच्या भल्यासाठी शहरातून माणसं येत. आधी श्वास कसा घ्यायचा ते शिकवणारे आले, म्हणजे तोवर टोळी बिनश्वासाचीच दगड उचलत असावी. मग हसायला शिकवणारे आले. त्यांना मात्र यश आलं, कारण ते गेल्यावर गाव आठवडाभर हसत होतं. प्रत्येकापायी काम थांबलं आणि इज्जाची एकेक कोंबडी गेली.

आता पाळी इज्जाच्या घराची होती. भिंती झाल्या होत्या, पॉपलरचे वासे चढले होते. वर बोरू अंथरायचा, त्यावर माती घालून चोपायची, एवढंच राहिलं होतं. तिची मुलगी तूदा पोटुशी होती, दिवस भरत आले होते. जावई अगादीरला मासेमारीच्या बोटीवर. भूकंपापासून दोघी मायलेकी तंबूतच राहत होत्या; गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्यानं तो बसला होता आणि दोघी रात्रभर डोक्याखांद्यांनी कापड तोलून बसल्या होत्या. या खेपेला पहिला बर्फ पडायच्या आत छपरावर माती पडली पाहिजे, इज्जाला दुसरं काही नको होतं.

गाडीतून उतरला तो निझार बर्रादा, कासाब्लांकाचा फिजिओथेरपिस्ट. सगळे त्याला डॉक्टर म्हणू लागले आणि त्यानं ते कुणाला दुरुस्त करू दिलं नाही. अंगात पांढरंशुभ्र जाकीट, बगलेत घडीचं निळं टेबल, आणि 'मदत-कामगारांच्या सेवेत' असा मोठा फलक. हात खरंच चांगले होते त्याचे. पण कुणाच्या पाठीला हात लावायच्या आधी तो फोन कुठे टेकवायचा ते बघायचा.

"पाहुण्याला काय मातीत उभं करायचं?" असं म्हणून बिहीनं इज्जाच्या छपरासाठी विणलेल्या बोरूच्या चटया उचलल्या आणि त्यांचा मांडव घातला. छप्पर खाली आलं आणि त्याच्या सावलीत निळं टेबल मांडलं गेलं. एका कोंबडीचा मातीच्या भांड्यात ताजिन शिजला.

डोंगरातला रिवाज जुना आहे. पाहुणा तीन दिवस देवाचा. त्याला का आलास विचारायचं नाही, नाही म्हणायचं नाही, त्याचा चहा त्याला ओतू द्यायचा नाही. चौथ्या दिवशी तो घरचा झाला. मग त्याला शिळी भाकरीही चालते आणि फावडंही. शहरवाल्यांना हा रिवाज कुणी सांगितला नव्हता, तरी एकजात सगळे तिसऱ्या संध्याकाळी निघत.

"कुठे दुखतं?" निझारनं विचारलं.

आता, दुखत तर कुणालाच विशेष नव्हतं. पण माणूस एवढ्या लांबून आलेला, त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? अद्दी नावाच्या दांडग्या गड्यानं विचार करून गुडघा सांगितला. पुढच्यानं दुसरा गुडघा सांगितला. बिहीनं टोळीचा म्होरक्या या नात्यानं कंबर घेतली. ज्याला काहीच सुचेना त्यानं "सगळीकडेच" असं मोघम सांगून टाकलं. निझार प्रत्येकाला टेबलावर घेई, मळे, दाबे, ओढे, आणि शेवटी बोट उभारून बजावे, "आठवडाभर जड उचलायचं नाही!"

पाहुण्याचा शब्द! तो मोडायचा कसा? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्खी टोळी अक्रोडाच्या झाडाखाली डॉक्टरी हुकमानं पडलेली होती. इज्जा, तूदा आणि शेजारणी झऱ्यावरून पाणी वाहत होत्या, भाकऱ्या भाजत होत्या, आणि पडलेल्यांना चहा पोचवत होत्या. त्यांना कुठे दुखतं हे कुणी विचारलं नाही. फलकावर कामगार लिहिलं होतं, बायका लिहिलं नव्हतं.

"लाज वाटते का रे?" इज्जानं भावाला विचारलं. "शिखरावर बघ, ढग काळवंडलेत."

"वाटते गं ताई. पण उद्या संध्याकाळी जातोय तो."

तिसऱ्या दुपारी पावसाची जोरदार सर आली आणि खालच्या रस्त्यावर दरड कोसळली. निझार टेबलाची घडी घालत होता. "लगेच मोकळा करतो रस्ता!" म्हणून बिही उठला, तोच इज्जानं त्याचा झगा धरून त्याला खाली बसवलं.

"बस. कंबर आहे तुझी."

"ताई, पाहुणा अडकलाय!"

"आणि त्याचाच हुकूम मोडून दगड उचलणार? एवढा अपमान करायचा त्याचा?" मग ती निझारकडे वळून गोड आवाजात म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा. उचलू दे का दगड तुमच्या पेशंटांना?"

निझारनं आपल्या पेशंटांकडे पाहिलं. स्वतःचाच हुकूम आता मोडायचा कसा? "नको," तो पडेल आवाजात म्हणाला. "एक रात्र राहतो."

चौथ्या सकाळी तो रोज येणाऱ्या मधाची वाट बघत बसला. त्याच्यापुढे बार्लीची भाकरी आणि तेलाची वाटी आली. चहाची किटली इज्जानं नुसती बोटानं दाखवली.

"खा लवकर," ती म्हणाली. कालपर्यंत ती अहो-जाहो करत होती. "माती भिजलीय. ती टोपली घे."

"मी? अहो, मी यांच्या सेवेला आलोय!"

"तेच म्हणते मी. यांना आडवं तूच केलंस. त्यांचं काम कुणी करायचं, भूकंपानं?"

निझारनं मदतीसाठी बिहीकडे पाहिलं. बिही आकाशाकडे बघू लागला. रिवाज म्हणजे रिवाज, तिथे त्याचंही काही चालत नव्हतं.

बायकांनी मांडव उतरवून बोरू पुन्हा छपरावर चढवला आणि पांढरं जाकीट मातीची टोपली घेऊन शिडी चढू लागलं. झाडाखालची टोळी डोळे फाडून बघत होती. थोड्याच खेपांत निझारचा पाय सरकला आणि तो टोपलीसकट चिखलात बसला. अद्दीला राहवलं नाही, तो पोरासारखा उडी मारून धावला.

"तुमचा गुडघा!" निझार ओरडला.

"डॉक्टर, खरं सांगू? गुडघा दुखतच नव्हता."

"माझाही नाही," दुसरा म्हणाला. बिहीनं मान खाली घालून कंबर परत केली. सगळीकडेच दुखणारा तर आधीच शिडीवर पोचला होता.

निझार चिखलात बसूनच सगळ्यांकडे बघत राहिला. "मग काल का नाही सांगितलंत?"

"काल तुम्ही पाहुणे होतात," बिही म्हणाला. "पाहुण्याला कुणी खरं सांगतं का?"

माणसाला राग यावा अशीच ही गोष्ट. निझारलाही आला. पण ज्यांच्यावर राग काढायचा ते सगळे छपरावर गेलेले, खाली फक्त इज्जा होती, आणि ती पाण्याचा डबा डाव्या हातानं ओढत होती. सकाळपासून सगळं डाव्याच हातानं चाललं होतं तिचं. उजवा कानाच्या वर जात नव्हता.

"लल्ला इज्जा," तो उठत अदबीनं म्हणाला, "उजवा खांदा दुखतो?"

ती थांबली. त्याच्या मळलेल्या जाकिटाकडे तिनं क्षणभर पाहिलं. हा आता घरचा होता.

"दुखतो. तंबू तोलला त्या रात्रीपासून. कुशीवर वळता येत नाही."

"ताई!" वरून बिही म्हणाला. "कधी बोलली नाहीस!"

"माझ्यासाठी टेबल कधी मांडलं होतंस?"

 बिहीला फार वाईट वाटलं, आणि वाटायलाच हवं होतं. निझारनं टेबल पुन्हा मांडलं, त्याला खाली बोलावलं, परक्या बाईला हात लावता येत नाही म्हणून त्याच्याच खांद्यावर तूदाला शिकवलं, कुठे दाबायचं, किती ओढायचं. तूदानं आईचा खांदा हातात घेतला तेव्हा इज्जाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्या चार दिवसांत त्या निळ्या टेबलावर खरं दुखणं घेऊन बसलेली ती पहिलीच.

"आता आठवडाभर विश्रां..." निझार सवयीनं म्हणाला, गप्प झाला, आणि पाण्याचा डबा स्वतः उचलून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी निम्म्या टोळीनं दरड काढली, निम्म्यांनी माती चोपली. दाराकडचा पट्टा तेवढा उघडा होता, आणि हवेला बर्फाचा वास येत होता, तेव्हा नुकत्याच मोकळ्या झालेल्या रस्त्यानं पांढरी गाडी वर आली. आतून एक बाई आणि एक गृहस्थ उतरले. फलक होता 'मनःशांती'चा.

बिही शिडीवरून उतरून हात धुवायला निघाला. इज्जानं कपाळावर हात मारून टोपलीखालच्या शेवटच्या कोंबडीकडे पाहिलं. पण बहीण-भावाच्या आधी निझार पुढे झाला, कोपरापर्यंत मातीनं भरलेला.

"किती दिवसांसाठी आलात?"

"तीन," बाई हसून म्हणाली.

"तुमचे तीन दिवस मी आधीच राहिलोय," निझार म्हणाला. "आज तुमचा चौथा. कामाला लागा."

"अरे, पाहुणे..." बिही कळवळला.

"पाहुणे कुठले? घरचेच आहेत," इज्जा म्हणाली. तिनं कोंबडीवरची टोपली उचलून बाईच्या हातात दिली. कोंबडी अंगणभर धावत सुटली.

अंधार पडायच्या आत तो पट्टा झाकला गेला. त्याच आठवड्यात पहिला बर्फ आला, आणि त्या रात्री तंबूत फक्त कोंबडी होती.