मार्सेलच्या गालावरचा डाग

मंगळवार म्हणजे ग्लेंडा आणि तिची मैत्रीण मार्सेल यांचा स्कीचा दिवस. सव्वीस वर्षांत कधी चुकवला नाही. पण त्या मंगळवारी व्हरमाँटमधल्या त्यांच्या डोंगरावर पारा उणे तीसवर गेला आणि ग्लेंडाने सरळ हात टेकले. सत्तरीच्या गुडघ्यांनी सोसायचं तरी किती! आठ वाजता तिने मार्सेलच्या घरी फोन केला. तो कुणी उचलला नाही, म्हणून निरोप ठेवला: "खड्ड्यात गेलं ते स्की. साडेनऊला रोंडाकडे ये, पोटभर खाऊ." मार्सेल मोबाइल बाळगत नसे, उलट बाळगणाऱ्यांना नावं ठेवत असे.

साडेनऊला ग्लेंडा रोंडाच्या खाणावळीत खिडकीपाशी बसली. पॅनकेकचा आणि मेपलच्या पाकाचा वास सुटला होता. थंडीला बाहेर ताटकळत ठेवून आत बसण्यात एक वेगळंच सुख असतं, आणि ग्लेंडाला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती. इतक्यात मार्सेल समोरच्या खुर्चीवर दिसली. दार केव्हा वाजलं ते कळलंच नाही.

"घाबरट कुठली!" मार्सेल म्हणाली.

"घाबरट तर घाबरट. तूपण आलीसच की गिळायला."

मार्सेल हसली नाही. तिने हेल्मेटही काढलं नव्हतं.

रोंडाने येऊन एकच कप कॉफी ओतली. "काही आणू, की मार्सेल येईपर्यंत थांबतेस?"

ग्लेंडाने समोर पाहिलं. मार्सेल रोंडाच्या कोपरापाशी बसली होती. "थांबते," ग्लेंडा कशीबशी म्हणाली.

मग तिला मार्सेलच्या गालावरचा डाग दिसला. नाण्याएवढा, मेणासारखा पांढरा. कडाक्याच्या थंडीत डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या उघड्या बाकावर बसलं की शेजारणीचा चेहरा बघायचा, हा तिथला रिवाज. गोठणाऱ्या कातडीला दुखत नाही आणि आपला गाल आपल्याला दिसत नाही. डाग दिसला की चोळायचं नाही, नुसता उघडा तळहात टेकवून ठेवायचा. ग्लेंडाचा हात सवयीने पुढे गेला. गाल दगडासारखा गार होता.

"निरोप मिळाला ना तुला?"

"कसला निरोप? मी साडेसातलाच निघाले. नऊला तू दिसली नाहीस, म्हणून एकटीच वर गेले."

"मग?"

"वळणावरच्या मोठ्या स्प्रूसच्या झाडाखाली पडलेय. पाय हलत नाही. झोप येतेय गं फार."

ग्लेंडाने डाव्या हाताने डोंगरावरच्या बचावपथकाला फोन लावला आणि जागा सांगितली.

"पडताना कुणी पाहिलं त्यांना?" पलीकडच्या माणसाने विचारलं.

"आधी माणसं पाठव, मेल्या, चौकशा मग कर!"

तो माणूस फोन घेऊनच पथकाबरोबर निघाला; तिनेही फोन चालूच ठेवला. तळहाताखालचा डाग कानापर्यंत पसरत गेला. हाताची बोटं बधिर झाली, तरी तिने हात काढला नाही. रोंडा दुरून तिच्या हवेत धरलेल्या हाताकडे बघत राहिली. आपण नुसता निरोप ठेवून मोकळ्या झालो, दहा मिनिटं गाडी हाकून ती घरी आहे की निघाली ते पाहिलं नाही, याची ग्लेंडाला भयंकर शरम वाटत होती.

बऱ्याच वेळाने फोनमधून धापा ऐकू आल्या. "सापडल्या! श्वास चालू आहे, पण शुद्धीवर येत नाहीत. तुम्ही हाक मारून बघा, फोन त्यांच्या कानाशी धरतो."

समोर मार्सेलचे डोळे मिटत चालले होते. "इथे उबदार आहे," ती पुटपुटली. "मी बसते इथेच."

ग्लेंडाला लख्ख कळलं: आपल्याच हाताच्या उबेने ती इथे रेंगाळतेय, आणि ती इथे आहे तोवर तिकडे शुद्धीवर येणार नाही. तिने गालावरचा हात काढून घेतला. तो काढणं तिच्या जिवावर आलं.

"मार्सेल, ऊठ!" ती ओरडली. "इथून चालती हो. तुझं इथे काही काम नाही. जा तिकडे, आत्ताच्या आत्ता!"

खाणावळीतली सगळी डोकी तिच्याकडे वळली. मार्सेलने दुखावल्यासारखं पाहिलं. मग तिथे नुसती खुर्ची उरली.

फोनमध्ये फक्त वारा होता. बराच वेळ वाराच होता. मग कुणीतरी खोकलं.

"कोण बोंबलतंय एवढं कानात?" मार्सेल म्हणाली.

ग्लेंडा टेबलावर डोकं टेकून लहान पोरीसारखी रडायला लागली.