शेवटचा टॅब

रुग्णालयासाठी स्वतःच बनवलेल्या रुग्णनोंदीच्या फॉर्ममध्ये तिनं अ‍ॅलर्जीच्या रकान्यात ‘पेनिसिलिन’ टाइप केलं, फॉर्म बंद केला, पुन्हा उघडला. रकाना कोरा.

“सिस्टरबाई भरायला विसरतात आणि खापर आपल्या डोक्यावर,” शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. रुग्णालयातून आज तिसरी तक्रार आली होती.

“आत्ता मीच भरलं होतं.”

त्याची खुर्ची गर्रकन वळली. “अगं, पण तू तपासलं होतंस ना?”

तपासलं होतं. दहा वेळा. दरवेळी सगळे टॅब संपले की ती पहिल्या टॅबवर परत यायची. घराबाहेर पडताना पुन्हा आत जाऊन गॅस बघायचा, तशी तिची खोडच. आणि नोंद जतन करायचं काम तिनं टॅब बदलण्यावरच सोपवलं होतं; टॅब बदलला तरच नोंद टिकायची. अ‍ॅलर्जीचा टॅब सगळ्यांत शेवटी. तिथून पुढं जायचं कुठं? माणूस फॉर्म बंदच करणार.

वॉर्डचा नंबर फिरवताना तिचं बोट दोनदा चुकलं. रिंग वाजत राहिली.

“सिस्टर, आज कुणाला पेनिसिलिन दिलंत का?”

“दिलं की. दोघांना.”

“कुणाला? त्यांना अ‍ॅलर्जी नव्हती ना?”

“ज्यांना चालतं त्यांनाच दिलं गं. बाकीच्यांच्या मनगटावर चिकटपट्टी लावून लाल पेनानं लिहिलंय. एवढी घाबरलीस होय?”

“कधीपासून लिहिताय?”

“सोमवारपासून. तुमच्या त्या खोक्यात काही टिकेना, मग काय करणार? कळवलं होतं मी. उत्तरही आलं लगेच.”

“काय आलं?”

“‘माहिती काळजीपूर्वक भरत जा.’” सिस्टर हसल्या. “तेव्हापासून दोन-दोनदा भरते बाई. म्हटलं, वयानं माझंच काही चुकत असेल.”

तिनं हळूच फोन ठेवला.

“सापडलं ना?” सहकारी म्हणाला. “फॉर्म बंद होतानाही जतन कर. एका ओळीचं काम. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

ती ओळ तिनं लिहिली. अ‍ॅलर्जी भरली, फॉर्म बंद केला, उघडला. नोंद जागच्या जागी होती.

मग तिनं सोमवारची तक्रार उघडली. ‘निकाली’ असा शेरा होता. उत्तराखाली तिचंच नाव.

तिनं पुन्हा फोन उचलला. या वेळी नंबर चुकला नाही.